किल्लीची राखण



दसरा झाला, की आपल्या पाटोद्यात काय दिसते, ते तुम्हांला आम्ही सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली असते. ट्रक येतो, ट्रॅक्टर येतो. भांडीकुंडी, पीठ, कोयते, शेळ्या, लेकरे, सगळे गाडीत चढते. टोळी ऊस तोडायला निघते. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि बंद दारे. काही गल्ल्यांत ओळीने कुलपेच कुलपे. माणसे परत येतात पाडव्याच्या आगेमागे. तोवर पाच-सहा महिने घर त्या एका कुलपाच्या भरवशावर.

म्हणून आज कुलपाविषयी बोलू. कुलपाविषयी म्हणजे खरे तर किल्लीविषयी.

जुन्या वाड्यांचे दार तुम्ही पाहिले असेल. जाड लाकूड, आणि आतून अडसर. अडसर म्हणजे आडवे लाकूड. दिवसा ते भिंतीतल्या भोकात सरकवून ठेवायचे, रात्री ओढून दाराला आडवे लावायचे. हत्तीने धडक दिली तरी दार हलायचे नाही. पण अडसर लावायला आत माणूस लागतो. तेव्हा घर कधी पुरते ओस पडत नसे, कुणीतरी आत असेच. आता सगळे घरच कोयता घेऊन जाते. बाहेरून दार लावायचे, तर कडी-कोयंडा आणि कुलूप पाहिजे. आणि कुलूप आले, की किल्ली आली.

आमच्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. आम्ही एका शाळेवर मुख्याध्यापक होतो. पोषण आहाराचा तांदूळ एका खोलीत ठेवलेला असे. खोलीला कुलूप, किल्ली आमच्या खिशात. एके शनिवारी किल्ली घरी विसरली. स्वयंपाकाच्या बाई खोळंबल्या, पोरे भुकेली. चौथीतला एक पोरगा पुढे आला. करदोट्याला बांधलेली त्याच्या घराची किल्ली त्याने सोडली, कुलपात घातली, फिरवली. कुलूप उघडले! पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना. या पोराच्या किल्लीने उघडते, तर आणखी किती किल्ल्यांनी उघडत असेल? सोमवारी आम्ही ते कुलूप फोडून पाहिले.

आत पितळेच्या दोनच पट्ट्या होत्या. या पट्टीला लिव्हर म्हणतात. चांगल्या कुलपावर ‘सहा लिव्हर’, ‘सात लिव्हर’ असे छापलेले तुम्ही वाचले असेल. नसेल, तर आता वाचा. वाचायला तर शिकलातच. किल्लीला जे दाते असतात, ते या पट्ट्या उचलतात. प्रत्येक पट्टी नेमकी ठरलेल्या उंचीवर आली पाहिजे. थोडी कमी उचलली, तर कुलपाची जीभ अडते. थोडी जास्त उचलली, तरी अडते. सगळ्या पट्ट्या एकाच वेळी बरोबर बसल्या, तरच जीभ सरकते. ही युक्ती इंग्लंडात रॉबर्ट बॅरन नावाच्या माणसाने १७७८ साली काढली.

आता हिशेब करा. पट्ट्या दोन. समजा, प्रत्येक पट्टीच्या उंचीचे प्रकार तीन. तीन त्रिक नऊ. म्हणजे अशा कुलपाला नऊच तऱ्हेच्या किल्ल्या. दहावे कुलूप पहिल्या नवांपैकी एकासारखे निघणारच. आमच्या शाळेत नेमके हेच झाले. आता पट्ट्या पाच घ्या आणि उंचीचे प्रकारही पाच घ्या. पाच पाचे पंचवीस. पुन्हा पाचने गुणा, १२५. पुन्हा गुणा, ६२५. पुन्हा, ३१२५. यातल्या काही किल्ल्या कारखानदार गाळतात, पण तरी फरक बघा! कुठे नऊ, कुठे तीन हजार. कुलपाची मजबुती वजनावर कमी आणि या गुणाकारावर जास्त असते. बाजारात आपण मात्र कुलूप हातावर झेलून बघतो आणि म्हणतो, जड आहे, चांगले आहे.

इंग्लंडातलीच आणखी एक गोष्ट. तिथे पोर्ट्समथ नावाचे बंदर आहे. १८१७ साली तिथल्या सरकारी गोदीत चोरी झाली. चोरांनी कुलूप फोडले नाही, खोट्या किल्ल्या लावल्या. सरकारने बक्षीस लावले, १०० पौंड. दुसऱ्या किल्लीने उघडणार नाही असे कुलूप कुणी करील त्याला ते मिळणार होते. जेरेमाया चब नावाच्या कारागिराने १८१८ साली तसे कुलूप केले. त्यात एक गंमत होती. कुणी परकी किल्ली किंवा तार घालून पट्टी गरजेपेक्षा जास्त उचलली, की ती वरच अडकून बसे. मग धन्याची खरी किल्लीसुद्धा लगेच लागत नसे. धनी समजे, की आपल्यामागे कुणीतरी हात घातला आहे.

तिथल्या कैद्यांच्या गलबतावर एक कैदी होता. मूळचा कुलूप करणारा. त्याला सांगितले, हे कुलूप उघड, तुझी सुटका करू, वर पैसेही मिळतील. कुलूप कसे केले आहे तेही त्याला दाखवले. बिचारा दोन-तीन महिने खपला. शेवटी हात टेकले. पण म्हणून ते कुलूप अजिंक्य ठरले असे समजू नका. १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले. तेव्हा आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने चबचे कुलूप २५ मिनिटांत उघडून दाखवले. जे एका माणसाने केले, ते दुसऱ्याला उघडता येते. फक्त त्याला वेळ लागला पाहिजे. चोराजवळ वेळच नसतो.

आता आपल्या मुंबईत या. १८९७ साल. अर्देशीर गोदरेज हे पारशी गृहस्थ होते. शिकले वकिली. एका खटल्यासाठी आफ्रिकेत झांझिबारला गेले. तिथे त्यांना कळले, की या धंद्यात खोटे बोलावे लागणार. ते काही त्यांना जमेना. वकिली सोडून परत आले. मग डॉक्टरांना लागणारी शस्त्रे करायला घेतली. माल चांगला झाला. गिऱ्हाईक म्हणाले, माल घेतो, पण त्यावर ‘हिंदुस्थानात केला’ असे लिहू नका. अर्देशीर म्हणाले, लिहिणारच. धंदा बुडाला. मुंबईत तेव्हा घरफोड्या फार होत होत्या. वर्तमानपत्रात ते वाचून त्यांनी लालबागेत कुलपाचा छोटा कारखाना काढला. वर्तमानपत्र वाचून माणसाला कारखाना सुचतो, हे आपल्या वर्गातल्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

त्या काळी पुष्कळ कुलपांत पट्टीला दाबून धरायला स्प्रिंग असे. स्प्रिंग थकते, तुटते. ती तुटली, की कुलूप बिघडले. अर्देशीरांनी स्प्रिंगच काढून टाकली आणि बिनस्प्रिंगच्या कुलपाचे पेटंट घेतले. पुढे तिजोऱ्या केल्या. याच अर्देशीरांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. तो विषय वेगळा, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

याच कारखान्याची पुढची गोष्ट आम्हांला सगळ्यांत आवडते. देश स्वतंत्र झाला. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. तेव्हा आपला बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. मतदारांत लिहिता-वाचता न येणारेच फार. म्हणून दर उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह. मत द्यायचे त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. मग पेट्या किती लागल्या असतील! विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याने १२ लाखांहून जास्त लोखंडी पेट्या काही महिन्यांत केल्या. पेटीची किंमत ठरली होती पाच रुपये. आता एवढ्या पेट्यांना बाहेरून कुलूप लावायचे, तर खर्च परवडेना. शिवाय १२ लाख कुलपे म्हणजे १२ लाख किल्ल्या. त्या सांभाळायच्या कुणी? कारखान्यातले कारागीर नथालाल पांचाळ यांनी तोड काढली. कुलूप पेटीच्या आतच बसवले. पेटी बंद करून मोहोर लावली, की मोहोर मोडल्याशिवाय ती उघडता येत नसे. मोहोर चोराला अडवत नाही. ती फक्त सांगते, की कुणी हात लावला. चबच्या कुलपाचाच हा भाऊ.

आजही मतदान झाल्यावर यंत्रे ज्या खोलीत ठेवतात, तिला दोन कुलपे असतात. दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. दारावर उमेदवारांची माणसे आपापली मोहोर लावू शकतात. कुणी म्हणेल, इतका अविश्वास? आम्ही म्हणतो, अविश्वास नव्हे. एकाच्याच हातात किल्ली असली, की काही घडले तर संशय त्या एकावरच येतो. दोन किल्ल्यांनी प्रामाणिक माणसाची अब्रूसुद्धा राखली जाते. तांदळाच्या खोलीची किल्ली आम्ही एकट्याने बाळगत होतो, ते चुकीचेच होते.

बँकेच्या लॉकरचेही तसेच. आधी बँकेचा माणूस आपली किल्ली लावतो, मग तुम्ही तुमची. एकट्याच्या किल्लीने लॉकर उघडत नाही. तुमच्या किल्लीची दुसरी प्रत बँकेजवळ नसते. हरवली, तर लॉकर फोडावा लागतो आणि खर्च तुमचा. बँकेत चोरी झाली, आग लागली किंवा तिच्या नोकराने फसवले, तर वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत बँक भरून देते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. म्हणजे भाडे २००० रुपये असेल, तर दोन लाखांपर्यंत. ऊसतोडीला जाताना मंगळसूत्र, पाटल्या पत्र्याच्या पेटीत ठेवून जाणाऱ्या बायांनी याचा विचार करावा. दोघी बहिणींनी किंवा सासू-सुनेने मिळून एक लॉकर घेतला, तरी चालतो.

कुणी शनिशिंगणापूरचे नाव काढील. तिथे घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत, म्हणून गाव प्रसिद्ध आहे. खरे आहे. पण २०११ साली तिथे बँकेची शाखा निघाली, तेव्हा बँकेने काचेचे दार बसवले आणि न दिसणारे विजेवरचे कुलूप लावले. चोरीच्या तक्रारीही पुढे तिथे झाल्या, आणि २०१५ साली पोलीस ठाणे आले. गावाच्या श्रद्धेला आम्ही नावे ठेवत नाही. पण शिंगणापूरला लोक घरात असतात, शेजारी असतात. आपली गल्ली तर सहा महिने रिकामी.

तेव्हा कुलूप घेताना लिव्हर किती आहेत ते वाचा. आणि कोयंडा पाहा. आम्ही भारी कुलूप आणि दोन इंची स्क्रूचा कोयंडा अशी दारे पाहिली आहेत. चोर कुलपाला हातही लावत नाही, पहारीने कोयंडा उपटतो. बोल्ट लाकडातून आरपार घाला आणि नट आतून आवळा.

नव्या कुलपाबरोबर दोन किंवा तीन किल्ल्या येतात. त्या मोजा. तिसरी कुठे आहे, हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसते. उंबऱ्याजवळच्या दगडाखाली, दाराच्या वरच्या कोनाड्यात, तुळशीच्या कुंडीत, या जागा गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहेत. मग चोराला नसतील काय? किल्ली हरवली, तर नवी करून घेण्यापेक्षा कुलूपच बदला. घडीभर कुणाला किल्ली दिली, तर ती घडीभरातच परत घ्या. साबणाच्या वडीवर ठसा घ्यायला तेवढा वेळ पुरतो.

राहिला प्रश्न, किल्ली ठेवायची कुणापाशी. आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई आहेत. याच वर्गात लिहायला शिकल्या. गल्लीतली सात घरे ऊसतोडीला जाताना किल्ल्या त्यांच्याकडे देतात. पूर्वी त्या किल्ल्यांना रंगीत चिंध्या बांधत. हिरवी अमक्याची, पिवळी तमक्याची. पावसात रंग गेले, की सगळाच घोळ. लिहायला आले, तेव्हा त्यांनी पत्र्याचे तुकडे कापून घेतले, खिळ्याने त्यावर घरधन्यांची नावे कोरली आणि आम्हांला मोठ्या कौतुकाने दाखवली. आम्हीही शाबासकी दिली.

आठ दिवसांनी पाहतो, तर नावे गेली! पत्र्यावर नुसते आकडे. आम्ही विचारले, “अहो काकू, एवढी चांगली नावं लिहिली होती, ती का काढली?”

त्या म्हणाल्या, “गुर्जी, मला वाचता येतंय, तसं चोरालाबी येतंय की. जुडगा कुठं पडला, तर त्याला कुणाचं घर ते आपणच सांगितल्यावाणी व्हईल. आता नुसता आकडा. कोणता आकडा कुणाचा, ते वहीत लिवलंय. वही उतरंडीत, अन् किल्ल्या माझ्या कमरंला.”