फळ्यांची वाट आणि आपले पाणी

(वसमत येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



या मेळाव्यात दरसाल गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, उपवर मुलामुलींची नोंद होते, निधीचा हिशेब वाचला जातो. अशा ठिकाणी आम्ही पक्ष्यांविषयी आणि दलदलीविषयी बोलणार, असे जाहीर होताच काही मंडळींच्या चेहऱ्यांवर हसू उमटले, ते आमच्या नजरेतून सुटले नाही. परंतु आपला समाज भोई समाज आहे. एके काळी आपल्या पूर्वजांच्या खांद्यावर पालख्या होत्या आणि हातात जाळे होते. पालख्या गेल्या, जाळे मात्र अद्याप पुष्कळ घरांतून खुंटीला आहे. ज्या पाण्यात ते जाळे पडते त्या पाण्याची हकिगत ही आपल्या घरचीच हकिगत होय, एवढे ध्यानी धरून आमचे चार शब्द ऐकून घ्यावेत, अशी विनंती आहे.

निमित्त झाले ते एका पत्राचे. आमचा एक भाचा नोकरीनिमित्त जपानात असतो. गेल्या शरद ऋतूत तो तेथील उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर कुशिरो या शहरी गेला होता. त्याने सोबत पुष्कळ छायाचित्रे धाडली आणि लिहिले, "मामा, इथली माणसे मासे धरायला नव्हे, तर नुसती दलदल पाहायला तिकीट काढून येतात!" आम्हालाही प्रथम नवल वाटले. मग त्याच्या पत्रातला मजकूर आणि आमच्या वाचनात आलेली माहिती यांची सांगड घालीत गेलो, तेव्हा त्या नवलाचे रूपांतर विचारात झाले.

कुशिरोची दलदल ही जपानातील सर्वांत मोठी. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी तेथे समुद्राची खाडी होती. समुद्र मागे हटला, नदीचा गाळ साचला, लव्हाळे उगवले आणि मेले, आणि थंडीमुळे पुरते न कुजलेल्या त्या गवताचा थरावर थर चढत गेला. ही भूमी इतकी मऊ की माणसांची रहदारी सुरू झाली तर वर्षानुवर्षांचा थर चिरडला जावा. म्हणून तेथे जमिनीपासून उंचावर लाकडी फळ्यांची वाट बांधलेली आहे. खालून पाणी वाहते, गवत वाढते. वरून माणूस चालतो. शहराने १९८४ साली दलदलीच्या कडेला एक निरीक्षणगृह उभारले. दलदलीत लव्हाळ्याचे जे गोल झुबके उगवतात त्यांच्या आकारावरून त्या इमारतीची कल्पना सुचली असे सांगतात. तेथून निघणारी वाट सुमारे अडीच किलोमीटरांचा फेरा घेऊन परत येते. ओन्नेनाई नावाच्या दुसऱ्या ठिकाणी तर ही फळ्यांची वाट प्रत्यक्ष दलदलीच्या मधून जाते.

त्या दलदलीचा मानकरी म्हणजे माथ्यावर तांबडा ठिपका असलेला पांढरा क्रौंच. तो जपानातून नाहीसा झाला अशीच समजूत होती. १९२४ मध्ये याच दलदलीत थोडे पक्षी आढळले. १९५२ च्या गणतीत ते अवघे ३३ भरले. त्या सुमारास कडाक्याच्या हिवाळ्यात भुकेल्या पक्ष्यांना तेथील शेतकऱ्यांनी आपल्या घरचा मका टाकण्यास आरंभ केला, आणि पुढे हा परिपाठच पडला. आज त्या क्रौंचांची संख्या हजाराच्या पुष्कळ पुढे गेलेली आहे. कायदे झाले, १९८७ साली राष्ट्रीय उद्यानही झाले. पण उद्यानाच्या आधी झाला तो मका, हे आपण विसरू नये.

पत्र वाचून झाल्यावर आमच्या मनात आले की, जपान दूर आहे, खर्चही आपल्या आवाक्याबाहेरचा. पण असे काही आपल्या महाराष्ट्रात नाही काय? चौकशी करता नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्याच्या नांदूर मधमेश्वरचे नाव पुढे आले. पौष महिन्यात आम्ही, आमचे थोरले चुलते, ज्यांना घरात सर्वजण आबा म्हणतात, आणि शाळेत जाणारी दोन मुले असे चौघे निघालो. वसमतहून पूर्णा जंक्शन, तेथे गाडी बदलून परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड करीत निफाड गाठले. आबांनी सारा जन्म सिद्धेश्वर धरणाच्या आणि गावोगावच्या तळ्यांच्या पाण्यावर काढलेला. "पाखरं बघायला एवढ्या लांब?" हा त्यांचा प्रश्न मनमाडपर्यंत चालू होता.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात, शेतीच्या पाण्यासाठी एक दगडी बंधारा बांधला गेला. बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते; कालवे होते. परंतु नदीने दरवर्षी गाळ आणला, बंधाऱ्यामागे उथळ पाणी पसरले, मध्ये बेटे झाली, पाणगवत माजले, आणि पक्ष्यांनी ती जागा आपली मानली. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले. पुढे २०२० च्या जानेवारीत, जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत तिचा समावेश झाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातील असा मान मिळालेली ही पहिली जागा. त्यानंतर लोणारचे सरोवर आणि ठाण्याची खाडी यांचा क्रम लागला.

पहाटेच्या धुक्यात झाडांखालच्या पायवाटेने आम्ही निरीक्षणाच्या मनोऱ्यावर चढलो. धुके विरले तसे पाणी दिसू लागले, आणि पाण्यापेक्षा पक्षीच अधिक दिसू लागले. जांभळ्या पाणकोंबड्या, पळीसारख्या चोचीचे चमचे, लांब शेपटीची तलवार बदके, आणि कपाळी पांढरा टिळा लावलेले काळेभोर वारकरी, ज्यांचे थवेच्या थवे दिंडीसारखे पाण्यावर चाललेले. सोबत गावातला एक तरुण मार्गदर्शक होता. त्याने आबांच्या हाती दुर्बीण दिली. आबांनी ती क्षणभर डोळ्यांना लावली आणि परत केली. म्हणाले, "ह्याच्यात एकच पाखरू दिसायलंय. मला समदं पाणी बघायचंय."

मग थोड्या वेळाने त्यांनीच बोट दाखवले. "पाणकावळे मासा काठाकडं हाकलायलेत बघ. ते बगळे उगी नाहीत थांबले." आम्हाला तर बगळे नुसते स्तब्ध उभे दिसत होते. पाच-सात मिनिटांत पाणकावळ्यांची रांग बुड्या मारीत काठाजवळ आली, उथळ पाण्यात मासळी उसळली आणि बगळ्यांनी एकदम चोची चालविल्या. त्या तरुणाने खिशातली वही काढली व विचारले, "बाबा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" आबा म्हणाले, "पोटानं."

त्यानंतरचा तासभर मार्गदर्शक ऐकत होता आणि आबा सांगत होते. मरळ पाणगवतात पिले काढते. नर आणि मादी दोघेही त्यांची राखण करतात. त्या तांबूस पिलांचा पुंजका पाण्यावर दिसला की जुनी माणसे त्या मरळीला हात लावीत नसत, असे त्यांनी सांगितले. दोन्ही मुले तोंडाकडे पाहत राहिली. आपला आजा एवढे जाणतो, हे त्यांना त्या दिवशी कळले. खरे सांगायचे तर आम्हालाही त्या दिवशीच कळले.

परंतु खाली उतरताना आबांनी जो प्रश्न केला, त्यासाठी आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत. ते म्हणाले, "एवढं पाणी, अन् एक बी जाळं दिसंना. इथले भोई कुठं गेले?"

बंधूंनो, या प्रश्नामागे त्यांची एक जुनी जखम आहे. काही वर्षांपूर्वी एका जलाशयावर त्यांचे जाळे आणि होडी अडकवून ठेवण्यात आली होती. त्या जलाशयाचे व खात्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. पाणी राखायचे तर त्यावर जगणाऱ्याला आधी दूर करायचे, ही रीत अनेक देशांत चालत आलेली आहे. ज्या होक्काइदोची आम्ही वाखाणणी केली, तेथील मूळचे ऐनू लोक त्या क्रौंचाला वेतांतला देव म्हणत. नदीत चढणारा सामन मासा हे त्यांचे मुख्य अन्न. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या राजवटीने नदीतील त्या मासेमारीवर बंदी घातली आणि ऐनूंची उपासमार झाली. पाण्याला देव मानणारा माणूसच पाण्यावर गुन्हेगार ठरला.

यास उत्तर आहे, आणि ते त्या रामसर करारातच आहे. १९७१ साली इराणातील रामसर या गावी हा करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. पाणथळ जागेला कुलूप घाला, असे तो करार सांगत नाही. तिचा सुज्ञ उपयोग करा, असे सांगतो. या सुज्ञ उपयोगाविषयीचे अधिक मार्गदर्शन १९९३ च्या परिषदेत मंजूर झाले, आणि ती परिषद भरली होती कुशिरो येथेच. तेव्हा आपल्या माणसांना कोणी पाण्यावरून उठवू पाहील, तर अर्जविनंत्या करताना हा शब्द आपण जरूर पुढे ठेवावा.

मात्र हक्क मागणाऱ्याने आपला हात आधी तपासावा, असे आम्हास वाटते. आपण सुज्ञ उपयोग करतो काय? मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे आपल्यातले काही लोक ओढतात, त्यात बोटभर पिलेसुद्धा सुटत नाहीत. पावसाळ्यात मासळी अंडी सोडण्यास उथळ पाण्यात चढते, नेमकी तेव्हाच आपण तिची वाट अडवितो. फाटलेले नायलॉनचे जाळे तेथेच टाकून येतो. त्यात कासव अडकते, पाणकावळा अडकतो आणि तडफडून मरतो. तराफ्याच्या थर्माकोलचा चुरा वर्षभर पाण्यावर तरंगतो. आपल्या आजोबांचे जाळे सुताचे होते, डोळे मोठे होते, आणि मरळीची पिले सोडून देण्याची रीत होती. ती रीत कोणत्या खात्याने मोडली? ती आपणच मोडली.

आणि पक्षी आपला मासा खातात, ही तक्रारही पुरती खरी नाही. उथळ काठाला ऊन तळापर्यंत पोहोचते, पाणवनस्पती वाढतात, किडे होतात, आणि पिले त्याच आसऱ्याने मोठी होतात. पक्षी येतात ते त्याच समृद्धीमुळे. काठ बुजविला, तेथे राडारोडा टाकला, गावचे सांडपाणी सोडले आणि त्यावर जलपर्णी माजली, म्हणजे खालचे पाणी गुदमरते. मग पक्षीही जातो आणि मासाही जातो. नांदूर मधमेश्वरलाही जलपर्णी, सांडपाणी आणि पाण्याचा उपसा यांची बाधा आहेच. तेथे ५३६ जातींच्या जीवांची व वनस्पतींची नोंद आहे, आणि त्यांत देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा, समूळ नष्ट होण्याच्या काठावर असलेला एक चिमुकला मासाही आहे. जगातले विद्वान ज्या यादीत गिधाडाला बसवितात, त्याच यादीत त्यांनी या माशालाही बसविले. मासा हा केवळ टोपलीतला जिन्नस नव्हे, हे आपल्याला तरी कोणी शिकवायला नको होते.

बिघडलेले सुधारता येते, याचाही दाखला कुशिरोने दिला आहे. शेतीसाठी तेथील नदीची वळणे एके काळी तोडून ती सरळ केली होती. दलदल सुकू लागली. चूक ध्यानी आल्यावर कायानुमा येथे २०१० च्या सुमारास नदीला तिचे जुने वळण पुन्हा काढून दिले गेले. एवढे मोठे राष्ट्र आपली चूक उकरून काढू शकते, तर आपल्याला गावचे तळे का राखता येऊ नये?

नांदूर मधमेश्वरहून वाहणारे पाणी पैठणच्या नाथसागरात येते, पुढे परभणी जिल्ह्यात आपली पूर्णा त्याच गोदावरीला मिळते. म्हणजे आम्ही परक्या पाण्यावर गेलोच नव्हतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यात पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा आहेत, सिद्धेश्वरचा जलाशय आहे. फळ्यांची वाट नाही, मनोरा नाही. पण पाणी आहे, आणि पाणी वाचणारी माणसे या मंडपात बसलेली आहेत.

म्हणून आमची तीनच मागणी आहेत. पहिली, बारीक डोळ्यांचे जाळे आपल्या समाजात कोणी वापरू नये, आणि पावसाळ्यात मासळी चढते त्या दिवसांत उथळ पाण्यात जाळे टाकू नये. हे समाजानेच ठरवावे, दंडाच्या भयाने नव्हे. दुसरी, आपल्या मुलांपैकी ज्यांना आवड आहे अशा दोघांना दरसाल मार्गदर्शकाचे शिक्षण घेण्यास पाठवावे व त्याचा खर्च निधीतून व्हावा. उद्या येथे फळ्यांची वाट झाली, तर तिच्यावर पुढे चालणारा मुलगा आपल्या घरचा असावा. तिकीट फाडून बाहेर उभा राहणारा नव्हे. तिसरी, प्रत्येक गावच्या तळ्याची एक वही असावी. कोणता मासा मिळाला, कोणता पक्षी केव्हा आला आणि केव्हा गेला, हे मुलांनी लिहावे आणि वडीलधाऱ्यांनी सांगावे. दोन फेब्रुवारी हा पाणथळ जागांचा जागतिक दिवस आहे. त्या दिवशी ती वही सर्वांसमोर वाचली जावी.

आमच्या गावी अशी वही सुरू झालेली आहे. पहिल्या पानावर अकरा नावे आहेत. ती आबांनी सांगितली आणि त्या दोन मुलांनी लिहिली. त्यांतली काही आम्हाला कोणत्याही पुस्तकात सापडली नाहीत. आबांचे वय आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. आपापल्या घरी असे कोणी वृद्ध असतील, तर मेळावा आटोपून गेल्यावर आज रात्रीच त्यांच्यापाशी वही-पेन्सिल घेऊन बसावे, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.