रानातला प्रयोग कागदावर आला पाहिजे

(राहुरी येथे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे विषय लिहिला आहे, 'शोधनिबंध कसा लिहावा आणि कसा पाठवावा'. तो वाचून एका भावाने मला मघाशी दारातच अडवले. म्हणाला, "साहेब, आपण भाव मागायला जमलोय का परीक्षेला बसायला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो, मग लिहिण्याकडे वळतो.

१९८० साली नाशिक जिल्ह्यात कांद्याचा आणि उसाचा प्रश्न घेऊन शेतकरी रस्त्यावर उतरला. त्या वेळी त्याची ताकद नुसत्या गर्दीत नव्हती. गर्दी तर आठवडी बाजारातही असते. कांदा पिकवायला क्विंटलमागे खर्च किती येतो, याचा हिशेब त्याच्या हातात होता. आकड्याला आकड्यानेच उत्तर मिळाले, म्हणून सरकारला ऐकावे लागले. आजही केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग ज्या उत्पादनखर्चाच्या आकड्यांवर विसंबतो, त्यातले महाराष्ट्राचे आकडे जमवण्याचे काम याच राहुरीच्या विद्यापीठाकडे आहे. म्हणजे लिहिलेल्या आकड्याची किंमत आपल्याला नवीन नाही.

जी गोष्ट भावाची, तीच पिकाच्या पद्धतीची. हरभऱ्याला खत किती घालायचे, दोन ओळींत अंतर किती ठेवायचे, फवारणी कधी करायची, हे सारे 'शिफारस' म्हणून आपल्यापर्यंत येते. आधी प्रयोग होतो, तो लिहिला जातो, राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त ॲग्रेस्को बैठकीत त्यावर चर्चा होते. तिथे मंजूर झाले की ते कृषिदर्शनीत छापले जाते आणि कृषी खात्याच्या माणसाच्या तोंडून बांधावर येते. या वाटेवर चालायला कागद लागतो. तुमच्या रानातला प्रयोग कितीही खरा असला, तरी तो कागदावर नसेल तर या वाटेच्या पहिल्या दारातच थांबतो. अधिकारी म्हणतो, "पाटील, तुमचा अनुभव चांगला आहे." अनुभव म्हटले की विषय संपला. त्याला पुरावा म्हणायला तो तयार नसतो.

शोध कोणाचा, नाव कोणाचे

शेतकरी शोध लावत नाही असे कोणी म्हणत असेल, तर त्याला द्राक्षबागेत न्या. तास-ए-गणेश हा वाण तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेतून निवडला. सोनाका सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी काढला. या दोघांची नावे वाणाबरोबर टिकली.

सगळ्यांचे असे होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी दीड एकराच्या रानात एचएमटी भात निवडला. तो राज्याबाहेरही पेरला गेला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्याचे शुद्धीकरण करून पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित केला आणि श्रेय कोणाचे यावर वाद झाला. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, पण गरिबी सुटली नाही. २०१८ साली ते गेले. निवड कोणत्या हंगामात केली, कोणत्या ओंब्या राखल्या, बी कोणाला दिले, याचा तारीखवार छापील लेख त्यांच्या हातात असता तर वाद इतका लांबला नसता, असे माझे मत आहे.

दुसऱ्याचे सांगितले, आता माझे सांगतो. मी नोकरीत होतो तेव्हा एका शेतकऱ्याच्या रानात तीन हंगाम हरभऱ्याचा प्रयोग घेतला. शेंडे कधी खुडायचे ही कल्पना त्याची होती. रान त्याचे, पाणी त्याचे, राखण त्याची. निबंध छापून आला. लेखक म्हणून चार नावे होती, त्यात माझे दुसरे. त्या शेतकऱ्याचे नाव 'आभार' या ओळीतही नव्हते. मी तो अंक त्याला दाखवायला नेला. इंग्रजी त्याला येत नव्हते, पण आपले नाव कसे दिसते हे त्याने मुलाकडून शिकून घेतले होते. त्याने बोट फिरवून सगळी पाने शोधली, अंक मिटून माझ्या हातात दिला आणि चहा सांगितला. त्या चहाची चव अजून गेलेली नाही. आज हा विषय मी मागून घेतला आहे तो त्यासाठी.

आधी रान आखा

निबंध टेबलावर सुरू होत नाही, पेरणीच्या आधी रानात सुरू होतो. आपली नेहमीची चूक अशी की सगळ्या रानात नवे औषध टाकायचे आणि म्हणायचे, गेल्या वर्षी सहा पोती होती, यंदा आठ झाली. यंदा पाऊसही वेगळा होता, बियाणेही वेगळे होते. दोन पोती औषधाने वाढली की पावसाने, हे कोण सांगणार?

म्हणून तुलनेचा वाफा पाहिजे. हरभऱ्याचेच घ्या. एकेक गुंठ्याचे ८ वाफे पाडा. शेजारच्या दोन वाफ्यांची एक जोडी, अशा ४ जोड्या. प्रत्येक जोडीत शेंडे कुठे खुडायचे हे चिठ्ठी टाकून ठरवा. आपण हाताने निवडले की चांगली जागा आपोआप लाडक्या पद्धतीला जाते. कडेच्या ओळी सोडून मधल्या भागाची काढणी करा, त्या भागाचे क्षेत्र मोजा, प्रत्येक वाफ्याचा माल वेगळा मळा आणि काट्यावर तोला. पोत्यात मोजू नका, पोते कोणाचे किती भरते याला नेम नाही.

आता हिशेब बघा. समजा दोन गावांत हा प्रयोग झाला. पहिल्या गावात खुडलेल्या वाफ्यात एका जोडीत ६ किलो जास्त, दुसरीत १ किलो कमी, तिसरीत ४ जास्त, चौथीत ३ जास्त. सरासरी ३ किलो वाढ. दुसऱ्या गावात ३, २, ४ आणि ३ किलो जास्त. सरासरी पुन्हा ३ किलोच. आपण म्हणू, दोन्हीकडे सारखा फायदा. परीक्षक तसे म्हणणार नाही. चार जोड्यांत आपापसात फरक किती, हे तो बघतो. सरासरी वाढीला तिच्या प्रमाण त्रुटीने भागले की पहिल्या गावाचा आकडा येतो २.०४ आणि दुसऱ्या गावाचा ७.३५. चार जोड्यांसाठी कोष्टकातली मर्यादा आहे ३.१८. म्हणजे दुसऱ्या गावाचा फायदा मानायचा. पहिल्या गावाचा केवळ योगायोगही असू शकतो, तिथे जोड्या वाढवून प्रयोग पुन्हा करायचा.

हे गणित परक्यांचे म्हणून घाबरू नका. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी माणसांनी शेतीच्या संख्याशास्त्रावर लिहिलेले पुस्तक १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढले. कृषी विद्यापीठांतल्या कितीतरी निबंधांच्या संदर्भांत त्यांची नावे आजही असतात.

मग लिहा

निबंधाचे भाग ठरलेले आहेत: शीर्षक, सारांश, प्रस्तावना, साहित्य व पद्धती, निष्कर्ष व चर्चा, आणि संदर्भ. छापताना क्रम हा असला तरी लिहिताना या क्रमाने जाऊ नका. आधी तक्ते करा. नंतर पद्धती लिहा, कारण ती वहीत आहेच. मग निष्कर्ष, मग प्रस्तावना, आणि सारांश सर्वांत शेवटी.

पद्धती अशी लिहा की परभणीचा माणूस तुम्हाला न विचारता तोच प्रयोग करू शकेल. जमीन कोणती, माती परीक्षणात काय आले, वाण कोणता, पेरणीची तारीख, खत किती, पाणी किती वेळा आणि कधी, हंगामातला पाऊस किती. माझा एक निबंध पावसाचे आकडे नाहीत म्हणून परत आला होता. पावसाची वही ठेवायला रोज दोन मिनिटे लागली असती, गेले पूर्ण वर्ष.

माप हेक्टरी द्या. निव्वळ गुंठ्याला जितके किलो, त्याला ९८.८ ने गुणले की हेक्टरी किलो येतात. गुंठ्याला २० किलो म्हणजे हेक्टरी १९.७६ क्विंटल. फायदा झाला नसेल तर तेही लिहा. एखादे महागडे औषध चालत नाही हे कळले, तरी हजारो शेतकऱ्यांचे पैसे वाचतात.

पाठवताना

चारही विद्यापीठांचे मिळून १९७६ साली एक नियतकालिक सुरू झाले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची इंग्रजी शोधपत्रिका १९३१ पासून आहे. पत्रिका निवडताना तिचे मागचे दोन-तीन अंक आणि लेखकांसाठीच्या सूचना वाचा. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी पत्रिकांना गुण देते, ती यादी बघा. एका वेळी एकाच पत्रिकेकडे पाठवा. दुसऱ्याची वाक्ये उचलू नका. जो संदर्भ वाचला नाही तो देऊ नका. सगळ्या लेखकांची संमती घ्या.

परीक्षकांचे शेरे आले की रागावू नका. प्रत्येक शेऱ्याला क्रमाने उत्तर लिहा. पटले तिथे दुरुस्ती करा, पटले नाही तिथे कारण द्या. आणि एक सावधगिरी. चार दिवसांत छापतो, आधी पैसे भरा, असे कोणी म्हणाले तर समजा की तिथे परीक्षकच नाही. अडतीची पट्टी वाचणाऱ्या माणसाला हे जास्त सांगायला नको.

इंग्रजी येत नाही ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय भागीदारीचा. वही आपण मराठीत ठेवायची, विद्यापीठातल्या किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाने ती इंग्रजीत मांडायची. तिथे मनापासून काम करणारी माणसे आहेत, बहुतेक आपल्याच घरांतली. मात्र पेरणीआधीच एका कागदावर ठरवून घ्या, लेखक म्हणून कोणाची नावे लागतील. ज्याची कल्पना आणि ज्याच्या नोंदी, त्याचे नाव लेखकांत. आभाराच्या ओळीवर भागवून घेऊ नका. नवा वाण निवडला असेल तर २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला त्याची नोंदणी आपल्या नावाने करता येते, तो अर्जही सोबत करा.

या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्याचे दुःख त्यांनी कागदावर आणले, म्हणून ते आज नाकारता येत नाही. आपल्याला आपले ज्ञान कागदावर आणायचे आहे.

म्हणून ही बैठक संपण्याआधी प्रत्येक तालुक्याने एक नाव द्यावे. येत्या रब्बीत त्याने ८ वाफे पाडावेत, चिठ्ठ्या टाकाव्यात आणि एक वही घालावी. वही आणि तोलकाटा एवढाच खर्च. पुढच्या बैठकीला भाषण करायला मी येणार नाही, तुमच्या वह्या बघायला येईन. दारात अडवणाऱ्या त्या भावाने पहिले नाव स्वतःचे द्यावे, अशी माझी विनंती आहे.