ट्रक नाक्यावर थांबतो

हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. मासळी साफ करताना, सुपारी सोलताना ऐकलंत तरी चालेल.

आज मी निसर्ग चक्रीवादळाबद्दल बोलणार आहे. तुमच्यातल्या बहुतेकींनी ते अंगावर घेतलंय, त्यामुळे वारा कसा होता हे मी तुम्हाला काय सांगणार? पण त्यानंतर लग्न होऊन आपल्या श्रीवर्धन तालुक्यात आलेल्या सुना आता गटांमध्ये आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ३ जून २०२०, बुधवार. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेला, जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर. वारा आधी एका बाजूने आला, मग दिशा फिरली. पहिल्या वाऱ्यात जे माड तगले होते, ते दुसऱ्यात आडवे झाले. संध्याकाळी दार उघडून बाहेर आलो तर आमच्या आळीतून समुद्र दिसत होता. एरवी मध्ये पोफळींची दाट वाडी, समुद्राचा फक्त आवाज यायचा.

वादळात सगळं गाव एक झालं, असं आपण भाषणात म्हणतो. सगळं गाव काही एक झालं नव्हतं. ताडपत्रीला दुप्पट भाव लावणारेही आपल्यातलेच होते. पण बाकीच्यांनी जे केलं ते थोडंथोडकं नव्हतं, आणि ते कसं घडलं हे एकदा नीट बघायला हवं.

दिवस करोनाचे. मार्चपासून सगळं बंद, आणि मुंबईहून चाकरमानी गावी आलेले. आपलीच माणसं, पण त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं. आमच्या शाळेत सात-आठ जण होते. शाळेच्या बाजूला एक आजी एकटी राहते. ती त्यांचा डबा फाटकापाशी ठेवायची आणि काठीने आत ढकलायची. त्यात तिची काही चूक म्हणू नका, त्या दिवसांत सगळ्यांचंच तसं चाललं होतं. बुधवारी दुपारी शाळेची कौलं उडायला लागली. ती मुलं धावत बाहेर आली आणि समोर पहिलं घर आजीचं. आजीने दार उघडलं. विचार केलास का, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, “अगो, विचार करायला वेळ कुठे होता? पोरं भिजत होती.” दार आतून दाबून धरायला तिला तरी कोण होतं? त्या पोरांनीच ते दोन तास पाठ लावून धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता नव्हताच. आंबे, फणस, माड, विजेचे खांब, तारा, सगळं एकावर एक. बाहेरून कुणी येणार तरी कसं? ती शाळेतली मुलं कोयते घेऊन निघाली, आमच्या आळीतले पुरुष निघाले, मोहल्ल्यातून दोघे जण झाड कापायची मशीन घेऊन आले. मुंबईत लिफ्टने वरखाली करणाऱ्या पोरांना झाड कुठून तोडायचं ते ठाऊक नव्हतं. एक म्हातारे सुतारकाका खुर्ची टाकून बसले आणि ओरडून सांगत राहिले, इथून नको, फांदी उसळेल, मागे सर. अंतर ठेवा, अंतर ठेवा, असंही तेच ओरडत होते. मोठ्या रस्त्यावर राष्ट्रीय आपत्ती दलाची माणसं झाडं हटवत होती. आतले रस्ते गावोगाव असेच लोकांनी मोकळे केले.

वीज गेली ती आमच्याकडे कित्येक आठवडे आली नाही. फोन बंद. विहिरीवर पंप होता, पण वीज नाही म्हणजे पाणी नाही. मग माळ्यावरचे रहाट आणि दोर खाली उतरले. मोहल्ल्यातल्या एका भाभींचे मालक आखातात असतात, त्यांच्याकडे जनरेटर होता. त्यांनी संध्याकाळी दोन तास लोकांचे फोन आणि बॅटऱ्या चार्ज करू दिल्या. डिझेल कुणी आणायचं ते आमच्या गटाने ठरवलं, कारण चार्जिंग फुकट आणि डिझेल भाभींच्या पदरचं, असं किती दिवस चालणार? मदत करणाऱ्याचाही खिसा रिकामा होतो, हे आपण विसरतो.

दोन दिवसांनी, ५ जूनला, वटपौर्णिमा. आमचा पाराजवळचा वड मुळासकट पडलेला. काही जणी म्हणाल्या, यंदा पूजा नाही. मग चार-पाच जणी आडव्या वडालाच दोरा गुंडाळायला गेल्या. वड आडवा, फेऱ्या मारायला खोडावरून चढून पलीकडे उतरायचं. हसू आलं सगळ्यांना, तीन दिवसांत पहिल्यांदा. पण ही पूजा सांगायचं कारण वेगळं आहे. तिथे जमलेल्या बायकांनी तिथेच एकमेकींना विचारायला सुरुवात केली, तुझ्याकडे कोण आलं नाही? तुझ्या शेजारची कुठे आहे?

आणि इथून माझी खरी गोष्ट सुरू होते.

रस्ता खुला झाल्यावर मदत आली. पुण्याहून, मुंबईहून, घाटावरून. ज्यांनी आपलं गाव कधी पाहिलं नाही, ती माणसं तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, ताडपत्र्या घेऊन आली. त्यांचे उपकार मी मानते. पण ट्रक नाक्यावर थांबतो. त्याला पुढचा रस्ता माहीत नसतो, संध्याकाळच्या आत परत जायचं असतं, आणि समोर जी माणसं दिसतील त्यांना तो देतो. नाक्यावरच्या घरात तीन-तीन पिशव्या गेल्या. डोंगराकडच्या आदिवासीवाडीत पहिले काही दिवस एकही नाही. बाळंतीण नाक्यावर येऊन उभी राहत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूला सोडून सून येत नाही. आणि काही बायका येऊ शकत असूनही येत नाहीत. आमच्या गटातल्या एक काकू आहेत, विधवा, सुपारीची चांगली वाडी असलेल्या. आयुष्यभर दुसऱ्याला शहाळी दिली, त्या हात पसरून रांगेत कशा उभ्या राहतील? त्यांच्या चुलीवर तीन दिवस नुसती पेज होती. कुणाला कळलंही नसतं.

कळलं ते वहीमुळे. बचत गटाच्या वहीत काय असतं? दहा-बारा नावं, बचत, कर्ज, हप्ता. पण ज्या बाई दर महिन्याला ते लिहितात, त्यांना त्यापेक्षा पुष्कळ माहिती असतं. कर्ज कशासाठी घेतलं, दवाखान्यासाठी की पत्र्यासाठी. घरात इन्सुलिन कोणाला लागतं, कोणाचा मुलगा पैसे पाठवायचा थांबलाय. ग्रामसंघाच्या बायकांनी आपापल्या वह्या काढल्या आणि एका रात्रीत मेणबत्तीवर यादी केली. घर कुठे, छप्पर किती गेलं, आत कोण आहे, आज रात्री काय लागेल. गटात नसलेल्या घरांचीही नावं घातली, आदिवासीवाडीची सगळी घातली. पुढच्या ट्रकपाशी दोघी जणी ती यादी घेऊन उभ्या राहिल्या. पहिला ड्रायव्हर वैतागला. दुसऱ्या ट्रकबरोबर आलेल्या मुलांनी यादी हातात घेतली आणि म्हणाली, ताई, हेच तर आम्हाला हवं होतं, आम्हाला कुठे माहीत कोणाला द्यायचं.

काकूंकडे पिशवी कशी पोचवली ते सांगते. एक जण गेली आणि म्हणाली, काकू, आमच्याकडे उंदीर फार झालेत, हे तांदूळ तुमच्याकडे ठेवा, लागतील तसे वापरा, मग बघू. काकूंना काय कळायचं ते कळलंच असणार. त्यांनी ठेवून घेतले.

मग आले वीज मंडळाचे लोक, लांबच्या जिल्ह्यांतून. चिखलात खांब उभे करायचे, क्रेन आत येत नाही, तेव्हा खांब खांद्यावरून न्यायला गावातले लोक. त्यांचं जेवण गटांनी आळीपाळीने केलं. घाटावरची माणसं, त्यांना ज्वारीची भाकरी हवी. ज्वारी आणायची कुठून? तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाऊन त्यांनी काम केलं, आणि पिठल्याची कृतीही विचारून घेतली.

इथवर सगळं गोड वाटतं. कठीण भाग नंतर आला. शासनाने बागेची भरपाई वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली. ऐकायला मोठा आकडा. पण आपल्याकडे हेक्टर कोणाकडे आहे? आपण गुंठ्यांत मोजतो. गुंठ्याला पडले सुमारे ५०० रुपये. दहा गुंठ्यांची वाडी असेल तर ५,०००, आणि सातबाऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची वीस नावं. नवी पोफळ लावली तर हाताशी सुपारी यायला सहा-सात वर्षं. ट्रक महिन्याभरात थांबले, ते थांबणारच. हप्ते मात्र थांबत नाहीत.

तेव्हा गटाच्या बैठकीत वाद झाला, तो मी लपवत नाही. ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांच्या अंतर्गत कर्जाचं व्याज सहा महिने घ्यायचं नाही, असं एकीने सुचवलं. दुसरी म्हणाली, माझं घर उडालं, मी मजुरी करून हप्ता भरतेय, मग ह्यांना वेगळा न्याय का? तिचं चुकलं होतं का? मला तर नाही वाटत. दोन बैठका भांडणात गेल्या. शेवटी व्याज सगळ्यांचंच थांबवलं, आणि ज्यांना रोजची कमाई आहे त्यांनी मुद्दल भरत राहायचं, म्हणजे गटात पैसा फिरता राहील. त्या भांडणाऱ्या बाईने पुढच्या महिन्यात काकूंचा हप्ता आपल्या पैशातून भरला. कोणालाही सांगितलं नव्हतं. वही लिहिणारीला कळलंच.

पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. तेव्हा आमची यादी वादळाच्या आधीच तयार होती. कोणत्या घराला स्लॅब आहे, तिथे कोण जाणार, हे आदल्या दिवशी ठरलं. शाळेशेजारच्या आजीला न्यायला कोण येणार तेही लिहिलेलं होतं. ती म्हणाली, मी नाही येत, पोरांना इकडेच पाठवा. शेवटी आली, कोंबड्या घेऊन.

आता मे चालू आहे. या महिन्याच्या बैठकीत वहीची शेवटची दोन पानं त्या यादीसाठी कोरी ठेवा. घर, माणसं, औषधं, छप्पर. गटात नसलेल्यांची नावंही घाला, त्यांच्याकडे स्वतः जाऊन विचारा. आणि शिडी, लांब दोर, करवत, रहाट कोणाकडे आहे तेही लिहा. आमच्याकडे शिडी दोघांकडेच निघाली, आणि एक मोडकी होती.