जिभेवरचा पिवळा थर
चिनी वैद्याकडे गेलं की तो आधी जीभ पाहतो. तिचा मधला भाग जठराचा. जीभ लाल आणि तिथं पिवळा, कोरडा थर, म्हणजे जठरात उष्णता असल्याची शंका. मग विचारपूस: सारखी भूक लागते? गार पाणीच हवंसं वाटतं? तोंडाला वास, हिरड्यांना सूज? मनगटावरची नाडीही जलद लागते. किती बारकाईनं माणूस पाहायचा हा!

जठरातल्या या उष्णतेवर १३व्या शतकातले वैद्य ली दोंगयुआन यांचं ‘छिंग वेइ सान’ हे औषध आजही देतात. त्यात प्रमुख हुआंगलियान, एक कडूजहर पिवळं मूळ. ॲक्युपंक्चरची सुई मात्र टोचतात पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या बेचक्यात, कारण जठराची ऊर्जावाहिनी तिथवर उतरते, असं चिनी वैद्यक मानतं. हिरड्यांतून रक्त येत असेल, तर दंतवैद्यांनाही जरूर दाखवा.