वार्धक्यातील गुडघेदुखी : विश्रांती की व्यायाम?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या समारंभांत एक गोष्ट कोणाच्याही ध्यानी येण्याजोगी आहे. साठी उलटलेली मंडळी प्रथम पंगतीतून खुर्चीकडे वळतात, आणि पुढे दोनतीन वर्षांत समारंभास येण्याचेच सोडतात. चौकशी केली असता घरची माणसे सांगतात, "गुडघे धरले आहेत, आम्हीच म्हटले, आता स्वस्थ बसा." हे सांगण्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु या मायेनेच पुष्कळदा घात होतो. तो कसा होतो आणि कसा टाळावा, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढची वाटी यांचा मिळून गुडघ्याचा सांधा बनतो. हाडांची टोके ज्या गुळगुळीत आवरणाने मढविलेली असतात, त्यास कूर्चा म्हणतात. वयोमानाने, शरीराच्या वाढत्या भाराने, जुन्या दुखापतीने अथवा आनुवंशिकतेने ही कूर्चा विरळ होते, हाडांच्या कडा वाढतात आणि सांध्याचे अस्तर सुजते. आयुर्वेदाने यास संधिगत वात म्हटले. आधुनिक वैद्यक ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणते. पन्नाशीनंतर पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. सकाळी सांधा आखडणे पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होणे, बसून उठताना किंवा जिना चढताउतरताना कळ येणे, ही त्याची सामान्य लक्षणे होत.

'झीज' हा शब्द ऐकला की आपणांस बैलगाडीचा आस आठवतो. जेवढा चालवावा तेवढा झिजणार, तेव्हा न चालविलेला बरा! पण जिवंत सांध्यास हा न्याय लागू नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते. पाऊल टेकले की ती दाबली जाते, उचलले की स्पंजाप्रमाणे द्रव शोषून घेते. सारांश, चालणे हेच तिचे अन्न होय. शिवाय गुडघ्यावरील भार तोलून धरण्याचे काम मांडीचा पुढील स्नायू करीत असतो. माणूस बसून राहिला की हा स्नायू रोडावतो, सांध्यावर अधिक ताण येतो, वेदना वाढते, आणि वेदनेमुळे माणूस अधिकच बसून राहतो. हे चक्र कोठेतरी तोडले पाहिजे.

ते तोडण्याचे साधन घरातच आहे. पलंगावर पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती खाली दाबीत मांडी आवळावी आणि ५ आकडे मोजून सोडावी. दुसरा प्रकार म्हणजे खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून तितकाच वेळ धरणे. तिसरा, भिंतीस टेकविलेल्या भक्कम खुर्चीवरून सावकाश उठणे आणि सावकाश बसणे. प्रत्येक प्रकार ५ वेळांपासून आरंभून १० पर्यंत न्यावा. यास सपाट रस्त्यावरील चालण्याची जोड द्यावी. व्यायामाने थोडे दुखले तरी भिऊ नये. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले, तर प्रमाण कमी करावे, बंद करू नये. फळ दिसण्यास ६ ते १२ आठवडे लागतात. तेवढा धीर धरावा. हृदयविकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारून प्रारंभ करावा.

वजनाचा विचार तितकाच महत्त्वाचा आहे. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, शरीराचे १ किलो वजन घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. तेथेच २०१३ साली ४५४ स्थूल व्यक्तींचे १८ महिन्यांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. नुसता आहार सांभाळणाऱ्यांपेक्षा किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा, दोन्ही करणाऱ्यांच्या वेदना अधिक कमी झाल्या.

आता औषधांविषयी. डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक मलम प्रथम वापरून पाहावे. पोटात घेण्याच्या वेदनाशामक गोळ्या मात्र जठर, मूत्रपिंड आणि हृदय यांस अपाय करू शकतात. मनानेच त्या महिनोन्‌महिने घेणे धोक्याचे. 'रामबाण' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे, हेही ध्यानात ठेवावे. क्ष-किरण चित्र पाहून धीर सोडू नये. चित्रातील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही.

दुर्बिणीने सांधा धुऊन काढण्याची शस्त्रक्रिया एकेकाळी फार होत असे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर तिची परीक्षा झाली. काहींच्या केवळ त्वचेवर छेद घेण्यात आले, आणि त्यांना खरी शस्त्रक्रिया झालेल्यांइतकाच आराम वाटला! २००२ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कृत्रिम सांध्याची गोष्ट वेगळी. सर्व उपाय करूनही रात्रीची झोप आणि दिवसाचे चालणे हिरावले गेले असेल, तर ही शस्त्रक्रिया भिऊन टाळू नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार पूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. २०१७ साली भारत सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातल्याने खर्चाचा तो भागही उतरला. तथापि शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम चुकत नाही.

गुडघा एकाएकी लाल व गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, पोटरी सुजली किंवा सांधा अडकून बसला, तर मात्र घरगुती उपाय न करता त्वरित डॉक्टरांकडे जावे.

घरात थोडे फेरफार करावेत. शौचालयात उंच बैठक आणि भिंतीस पकडदांडा बसवावा. देवपूजेस पाटाऐवजी उंच आसन घेण्यात कोणताही कमीपणा नाही. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना प्रथम चांगला पाय, उतरताना प्रथम दुखरा पाय टाकावा.

मंडळास आमची दोन कामांची विनंती आहे. आपण शिष्यवृत्त्या देतो, वाचनालय चालवितो. तद्वत काठ्या, वॉकर आणि कमोडच्या खुर्च्या यांचा छोटा संग्रह करून गरजू कुटुंबांस परतबोलीने द्याव्यात. दुसरे, सभागृहाच्या जिन्यास दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा.

आणि तरुण पिढीस एक विनंती. आईवडिलांची काळजी म्हणजे त्यांना जागेवर बसवून सर्व काही हातात आणून देणे नव्हे. त्यांची कामे त्यांना करू द्या आणि संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याबरोबर, त्यांच्या चालीने चाला. गुडघ्यासाठी इतके गुणकारी आणि इतके स्वस्त औषध दुसरे नाही, आणि त्यात आपला सहवासही त्यांना लाभतो.