मोठा मजकूर छापताना अडणारे यंत्र
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लेझर प्रिंटर ही आता आपल्या शाळांतून नवलाईची वस्तू राहिलेली नाही. तथापि एका तक्रारीने आपणांपैकी पुष्कळांना छळले असेल. जाळ्याने संगणकास जोडलेल्या यंत्रावर एक-दोन पानांचे पत्र बिनबोभाट छापून निघते. परंतु साठ पानांची पुस्तिका पाठविली, की ते काही पाने देऊन मुके होते. मग कोणी तीच आज्ञा चार वेळा देतो, आणि अखेरीस ‘नादुरुस्त’ असा शेरा मिळून यंत्र कपाटात जाते. आमच्या शाळेत तर निर्लेखनाचा प्रस्तावही तयार झाला होता. तो मीच लिहिला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

वास्तविक, जे यंत्र पत्र छापते त्याचे टोनर, ड्रम व कागद ओढणारे रूळ चालू स्थितीत आहेत, आणि संगणकाशी त्याची गाठ पडते आहे, एवढे त्या पत्रानेच सिद्ध केलेले असते. मग अडते कोठे?

लेझर यंत्राचा एक स्वभाव ध्यानी घ्यावा. पानाचे काम एकदा सुरू झाले, की ते मध्येच थबकू शकत नाही. म्हणून ठिपक्यांनी बनलेले त्या पानाचे चित्र त्यास वेळेवर मिळावेच लागते. ए-४ आकाराचे पान इंचास ६०० ठिपके या प्रमाणात मांडले, तर सुमारे साडेतीन कोटी ठिपके होतात. ते न दडपता साठविण्यास चार मेगाबाइटांहून अधिक जागा लागते. १९८४ साली आलेल्या पहिल्या हेवलेट-पॅकार्ड लेझरजेटमध्ये अवघी १२८ किलोबाइट स्मृती होती. अक्षरे ती सुबक छापी. परंतु इंचास ३०० ठिपक्यांचे पानभर चित्र तिला पेलत नसे. आजची यंत्रे पुष्कळ सधन आहेत, पण अडचणीची जात तीच.

तेव्हा पाने पुष्कळ असणे निराळे, आणि एखादेच पान जड असणे निराळे. आमची पुस्तिका शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाची, ६४ पानांची होती. परीक्षा तोंडावर आलेली, आणि तालुक्याच्या गावी छापून घ्यावी तर पैसे कोणाच्या खिशातून, हा प्रश्न. तेव्हा आमच्या एका बाईंनी सुचविले, की पुस्तिकेचे दोन भाग करून पाहू. उत्तरार्धाची ३२ पाने सलग निघाली, पूर्वार्ध अडला. त्याचे पुन्हा दोन भाग केले. असे करता करता सहाव्या फेरीस अठरावे पान हाती लागले. त्यावर मोबाइलने टिपलेले एका आकृतीचे छायाचित्र होते. कागदावर ते काडेपेटीएवढे दिसे. परंतु होते १ कोटी २० लाख बिंदूंचे, म्हणजे उलगडले असता सुमारे ३६ मेगाबाइटांचे! ते लहान करून पुन्हा बसविले आणि ६४ पाने एका दमात निघाली. माझा प्रस्ताव मी फाडून टाकला.

प्रत्येक भाग वेगळा छापला जातो, पण सगळे एकत्र पाठविले की अडते, असे आढळल्यास मात्र दोष पानात नसून वाटेत असण्याचा संभव अधिक. अशा वेळी तोच संगणक यूएसबी तारेने थेट यंत्रास जोडावा. तारेने काम पुरे झाले तर वाय-फाय क्षीण आहे असे समजून यंत्र राउटरजवळ आणावे. तारेनेही न झाल्यास संगणकाकडे वळावे: चकतीवर जागा उरली आहे काय, जुनी कामे रांगेत तुंबली आहेत काय, छपाई चालू असता तो झोपी जातो काय. शेवटचे पान रांगेत आल्यावरच छपाई सुरू करण्याची सोय विंडोजमध्ये आहे. तीही वापरून पाहावी. मात्र एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा यंत्र चालू होईल, पण कशाने ते कळणार नाही. (आमच्याकडे पूर्वी हे वारंवार झाले आहे.)

आमचे यंत्र येथे आणून जोडले आहे. पुस्तिकेची मूळ, न सुधारलेली प्रतही संगणकात मुद्दाम राखली आहे. तीत आणखी एक जड पान मी दडविले आहे. आता दोघा-दोघांनी पुढे येऊन ते शोधावे.