आधी बुचे मोजा



गावाकडे जुनी गाडी सहसा मोडीत निघत नाही. कुणाच्या वाड्यात महायुद्धाच्या काळातली जीप अजून उभी असते. लग्नसराई आली की तिच्यावरचे ताडपत्र निघते, कुणी तरी सेल्फ दाबतो, आणि नुसताच 'खट्ट' आवाज! बॅटरी उतरलेली. मग शेजारी आपला ट्रॅक्टर आणून उभा करतो आणि म्हणतो, "दोन वायरी टाका हो, आत्ता चालू होते." या दोन वायरी टाकण्याआधी काय पाहावे, तेवढेच आज सांगायचे आहे.

आजची मोटार किंवा ट्रॅक्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप मात्र ६ व्होल्टची होती. अमेरिकेतल्या बहुतेक मोटारी १९५५ च्या सुमारापर्यंत ६ व्होल्टच्याच होत्या. मग ओळखायचे कसे? बॅटरीची बुचे मोजा. एका बुचाखाली एक सेल, आणि एक सेल साधारण २ व्होल्टचा. तीन बुचे म्हणजे ६ व्होल्ट, सहा बुचे म्हणजे १२. बॅटरी बंद झाकणाची असेल, तर तिच्यावरचा आकडा वाचा.

आता १२ व्होल्टची बॅटरी ६ व्होल्टच्या बॅटरीला जोडली, तर काय होईल? उंच टाकीचे पाणी बुटक्या टाकीत सोडावे, तसा प्रवाह जोराने घुसतो. बॅटरी तापते, उकळल्यासारखी होते, आणि तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. त्यात चिमटा लावताना ठिणगी पडली की भडका! बॅटरी फुटते, आणि आतले गंधकाम्ल तोंडावर उडते. नवी बॅटरी बाजारात मिळते, डोळा मिळत नाही.

दिव्यांचेही तसेच. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे. ६ व्होल्टचा ३६ वॅटचा दिवा ६ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे त्याचा रोध १ ओहम. त्याच रोधाला १२ व्होल्ट दिले, तर प्रवाह १२ अँपिअर आणि शक्ती १४४ वॅट. दाब दुप्पट, शक्ती चौपट! तार तापली की रोध वाढतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा काहीसा कमी भरेल. पण दिवा जायचा तो जातोच.

काही जुने मिस्त्री गाडीची बॅटरी सोडवून १२ व्होल्ट थेट सेल्फला दोन-तीन सेकंद लावतात. सेल्फ बहुधा तेवढे सोसतो, पण त्याचे दाते फ्लायव्हीलवर फार जोराने आदळतात. हा उद्योग आपण घरी करू नये.

मग करावे काय? पहिल्याने बॅटरीची टोके घासून स्वच्छ करा. तेवढ्याच कामाला ६ व्होल्टच्या गाडीत दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून थोडा गंज किंवा बारीक वायरसुद्धा तिला भोवते. पुष्कळदा दोष बॅटरीचा नसून वायरीचा असतो. तरीही भागले नाही, तर बॅटरी काढून ६ व्होल्टवर चार्जिंगला लावा. घाई असेल, तर गिअर न्यूट्रलला ठेवून हँडल मारा. मात्र अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडते. बॅटरी अगदीच रिकामी असेल, तर हँडलनेही ठिणगी पडत नाही, हे ध्यानात असू द्या.

वायरी टाकायच्याच असतील, तर ६ ला ६ चीच बॅटरी आणा. धन टोकाला धन, ऋणाला ऋण. शेवटचा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. फोर्डच्या ८एन ट्रॅक्टरसारख्या काही जुन्या गाड्यांत मात्र धन टोकच सांगाड्याला जोडलेले असते. तिथे शेवटी लोखंडाला लावायची ती धन वायर, आणि दोन गाड्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. वायरीच्या रंगावर जाऊ नका, बॅटरीवरची खूण वाचा.

आणि जुन्या गाडीत कुणी मागे १२ व्होल्टची जोडणी करून घेतली असेल, तर दिव्याच्या टोपीवरचा आकडाही पाहून घ्या. बुचे मोजायला अर्धे मिनिट लागते. शेजारी कितीही घाई करो, तेवढे थांबायला त्याला सांगा.